आहेराची एकच वही

"साहेब, येवल्याच्या पार्टीच्या बिलात दिंडोरीची वाहतूक कशी काय आली?"

फोन नाशिकहून होता, आमच्या ग्राहकाच्या मुनीमजींचा. २०१८ चा जून, पेरणीचे दिवस. बियाणं आणि खतांच्या एका वितरकासाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर केलं होतं आणि ते सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. येवल्याच्या दुकानदारानं माल स्वतःच्या टेम्पोनं नेला होता. तरी त्याच्या बिलाखाली 'वाहतूक – दिंडोरी' अशी ओळ आणि पुढे रक्कम छापून आली होती. मुनीमजी चिडलेले नव्हते, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. सीझनच्या दिवसांत दुकानदाराचा बिलावरचा विश्वास उडाला की उधारी वसूल होत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मला एवढंच कळत होतं, की बिलाच्या ओळी तयार करणारं फंक्शन मी लिहिलेलं आहे.

मी लगेच माझ्या लॅपटॉपवर तेच बिल काढून पाहिलं. बरोबर आलं. पुन्हा काढलं, तरी बरोबर. सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर चूक. पान रिफ्रेश केलं तर बरोबर. पुन्हा रिफ्रेश केलं तर तीन गावांची वाहतूक त्या एका बिलाला चिकटलेली: दिंडोरी, कळवण, सटाणा. डेटाबेस उघडून पाहिला. तिथं येवल्याच्या नावावर वाहतुकीची एकही नोंद नव्हती. म्हणजे कुठेही न लिहिलेली ओळ बिलावर उमटत होती, आणि तीही कधी उमटायची, कधी नाही.

पुढचे दोन दिवस आणि एक रात्र मी जँगोमध्ये, म्हणजे पायथॉनच्या ज्या फ्रेमवर्कवर आमचं सॉफ्टवेअर उभं होतं त्यात, शोधत होतो. ब्राउझरचा कॅश पुसला, सर्व्हरचा कॅश बंद केला. दोन माणसांची सेशन एकमेकांत मिसळत असतील म्हणून सेशनच्या सेटिंग बदलल्या. डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनवर जे मिळेल ते वाचून काढलं. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं ठीक व्हायचं, मी सुटकेचा श्वास सोडायचो आणि तासाभरात पुन्हा नाशिकचा फोन यायचा. मला ठाऊक होतं ते सगळं फ्रेमवर्क होतं, त्यामुळे चूकही तिथंच असणार असं मी धरून चाललो होतो.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. मी तासगाव तालुक्यातला. इंजिनियरिंगला सी भाषा होती. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर आम्ही मॅट्रिक्सचा गुणाकार केला, तो जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवला, आणि पॉइंटरची व्याख्या पाच मार्कांसाठी पाठ केली. भाषा येते असं मार्कशीटवर लिहिलेलं होतं. नोकरी लागली नाही. मग पुण्यात तीन महिन्यांचा 'फुल स्टॅक'चा क्लास लावला. फी पंचेचाळीस हजार. त्या वर्षीच्या बेदाण्याच्या पट्टीतून वडिलांनी ती काढून दिली आणि घराच्या स्लॅबचं काम एक वर्ष पुढं ढकललं.

क्लास वाईट नव्हता, हे मी मनापासून सांगतो. शिकवणारे तळमळीनं शिकवायचे. पण तीन महिन्यांत त्यांना आम्हाला मुलाखतीला उभं करायचं होतं. पायथॉन चार दिवसांत आटोपलं: व्हेरिएबल, लूप, फंक्शन, क्लास. पाचव्या दिवशी जँगो. जँगो २.० तेव्हा नुकतंच आलेलं होतं आणि पायथॉन २ ची साथ त्यानं कायमची सोडली होती. आम्हाला त्यातलं काही माहीत नव्हतं. प्रोजेक्टरवर सर टाइप करायचे, आम्ही तसंच टाइप करायचो. एक कमांड दिली की अख्खा प्रकल्प उभा. दुसरी दिली की डेटाबेसमध्ये टेबलं तयार. तिसरी दिली की लॉगिनसकट ॲडमिनचं पान समोर. पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा मी वडिलांना व्हिडिओ कॉल करून दाखवलं होतं. "तू केलंस हे?" असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण त्यातलं माझं किती होतं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

तर त्या जूनमध्ये, तिसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या टीमच्या मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. मूळच्या नागपूरच्या. यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' हे पुस्तक त्यांनी कॉलेजात पानंपानं सोडवलेलं; कानेटकरही नागपूरचेच, हे त्या अभिमानानं सांगायच्या. पुण्यात बारा वर्षं काढूनही त्यांची बोली तशीच राहिली होती.

"कुठे शोधून राहिला तू?"

मी सेशन, कॅश, ट्रान्झॅक्शन अशी सगळी यादी सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझं फंक्शन उघडायला लावलं. पहिलीच ओळ वाचून त्या थांबल्या. कोडकडे बोट न दाखवता म्हणाल्या, "जँगो बंद कर. नुसतं पायथॉन उघड."

काळ्या खिडकीत तीन बाणांचा प्रॉम्प्ट आला. क्लासच्या चार दिवसांनंतर मी तो उघडलाच नव्हता. मॅडमनी तीन ओळींचं एक फंक्शन सांगितलं आणि मी टाइप केलं. फंक्शनचं नाव 'जोड'. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: एक 'वस्तू' आणि एक 'यादी'. यादी दिली नाही तर ती रिकामी समजायची, म्हणून तिच्यापुढं बरोबरचं चिन्ह आणि रिकामा चौकोनी कंस. आत एवढंच, की वस्तू यादीत घालायची आणि यादी परत द्यायची. नावं त्यांनी मुद्दाम देवनागरीत लिहायला लावली. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत चालतं हे मला त्या दिवशी कळलं.

"आता 'जोड' ला कांदा दे. यादी देऊ नको."

उत्तर आलं: कांदा.

"आता बटाटा दे."

माझ्या मते उत्तर 'बटाटा' यायला हवं होतं. आलं 'कांदा, बटाटा'.

मी तिसऱ्यांदा लसूण दिला. तिन्ही आले. समोरच्या तीन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. जँगो नाही, सर्व्हर नाही, डेटाबेस नाही, ब्राउझर नाही. तरी येवल्याच्या बिलावरची दिंडोरी माझ्यासमोर उभी होती.

मॅडमनी मग समजावून सांगितलं. फंक्शनची पहिली ओळ, जिच्यात ते फंक्शन जन्माला येतं, ती पायथॉन एकदाच चालवतं. तिथं लिहिलेली रिकामी यादी तेव्हाच, एकदाच तयार होते आणि फंक्शनसोबत राहते. पुढं तुम्ही हजार वेळा फंक्शनला हाक मारा, यादी दिली नाहीत की दर वेळी तीच जुनी यादी हातात येते. "मंगल कार्यालयात आहेराची वही असते ना," त्या म्हणाल्या, "तुला वाटून राहिलं की प्रत्येक लग्नाला कोरी वही मिळते. कार्यालयवाल्याकडे एकच वही आहे. सकाळच्या लग्नातल्या लोकांची नावं संध्याकाळच्या लग्नाला दिसणारच."

मग सगळे धागे जुळत गेले. माझ्या बिलाच्या फंक्शनमध्ये 'जादा ओळी' नावाची अशीच एक रिकामी यादी होती. माल आमच्या ग्राहकाच्या गाडीनं गेला तर तिच्यात वाहतुकीची ओळ पडायची. दुकानदारानं स्वतः नेला तर काही पडायचं नाही, पण आधीच्यांचं साठलेलं तिथंच असायचं. रीस्टार्ट केल्यावर बरं वाटायचं, कारण सगळा प्रोग्राम नव्यानं सुरू व्हायचा आणि वही कोरी व्हायची. माझ्या लॅपटॉपवर चूक कधीच दिसली नाही, कारण मी दर दोन मिनिटांनी फाइल सेव्ह करत होतो आणि जँगोचा घरगुती सर्व्हर प्रत्येक सेव्हनंतर आपोआप नव्यानं सुरू होतो. शोधण्याच्या धडपडीत मीच पुरावा पुसत होतो. आणि रिफ्रेशवर उत्तर बदलत होतं, कारण खऱ्या सर्व्हरवर गुनिकॉर्न नावाचा प्रोग्राम आमच्या प्रोग्रामच्या तीन प्रती एकाच वेळी चालवत होता. तीन प्रती म्हणजे तीन वह्या. मागणी ज्या प्रतीकडे जाईल तिच्या वहीतली गावं बिलावर यायची.

दुरुस्तीला दोन ओळी लागल्या. रिकाम्या यादीच्या जागी 'नन', म्हणजे 'काहीच नाही', ठेवायचं, आणि फंक्शनच्या आत 'नन' आलं असेल तर तिथल्या तिथं नवी यादी करायची. दुपारपर्यंत कोड सर्व्हरवर चढला. मुनीमजींना फोन केला. त्यांनी कारण विचारलं नाही. आधीची किती बिलं चुकली ते विचारलं. चौतीस निघाली. ती चौतीस बिलं आम्ही एकेक करून तपासली, आणि प्रत्येक दुकानदाराला मुनीमजींनी स्वतः फोन केला.

पायथॉनचा हा गुण कुठे लपवलेला नाही. भाषेच्या अधिकृत शिकवणीत, फंक्शनच्या भागात, ठळक इशारा देऊन सांगितलेला आहे. जँगोलाही तो चांगला ठाऊक आहे: मॉडेलमध्ये जेसनच्या फील्डला अशी तयार यादी डीफॉल्ट म्हणून दिली, तर जँगो स्वतःहून टोकतो की इथं यादी देऊ नका, यादी करणारं फंक्शन द्या. पण तो टोकतो स्वतःच्या अंगणापुरतं. माझं फंक्शन साधं पायथॉन होतं, आणि तिथं राखण करणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

त्या आठवड्यापासून मॅडमनी नियम केला. रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेसात, फ्रेमवर्कला हात लावायचा नाही. हे सहा आठवडे चाललं. त्यांच्या घरी लहान मूल होतं, तरी तो तास त्यांनी मला दिला. त्याचं मोल मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

पहिले दोन आठवडे नावं आणि वस्तू. कॉलेजात व्हेरिएबल म्हणजे डबा असं शिकलो होतो, आणि सीपुरतं ते खरंही होतं. पायथॉनमध्ये नाव ही डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी असते आणि एका डब्यावर दोन चिठ्ठ्या असू शकतात, हे बोटांत मुरायला वेळ लागला. मग क्लासची वस्तू आणि प्रत्येक नगाची वस्तू यांतला फरक. मग ट्रेसबॅक, म्हणजे एररपर्यंत पोचलेल्या ओळींची साखळी, वाचणं, खालून वर. जँगोचं ते पिवळसर पट्टीचं एररचं पान दिसलं की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि शेवटची ओळ कॉपी करून गूगलमध्ये टाकणं हाच क्लासमध्ये शिकलेला इलाज होता. त्या लांबलचक यादीत फ्रेमवर्कच्या पंचवीस ओळींमध्ये आपल्या फाइलच्या दोनच ओळी असतात, आणि आधी त्या शोधायच्या असतात, हे कळल्यावर भीती जवळजवळ एका संध्याकाळीच गेली.

पण खरा आनंद तिसऱ्या आठवड्यात होता. मॅडम म्हणाल्या, आता वेब सर्व्हर लिही. फ्रेमवर्क नाही, तयार लायब्ररी नाही. पायथॉनचं सॉकेट घे, ८००० नंबरच्या पोर्टवर कान देऊन बस, आणि ब्राउझर काय बोलतो ते नुसतं छापून दाखव.

बारा-पंधरा ओळी लिहिल्या. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला. आणि काळ्या खिडकीत मजकूर उमटला. पहिल्या ओळीत 'गेट', मग पत्ता, मग एचटीटीपीची आवृत्ती. खाली ब्राउझरची ओळख, कोणत्या भाषा चालतील, कोणत्या प्रकारचा मजकूर चालेल. सगळं वाचता येईल अशा साध्या अक्षरांत. रोज हजारदा जँगोच्या 'रिक्वेस्ट'ला हात लावणाऱ्या मला ब्राउझरचं बोलणं पहिल्यांदाच ऐकू येत होतं. मॅडमनी सांगितलं की टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये वेब सुरू केलं तेव्हा ही मागणी इतकीही लांब नव्हती. एकच ओळ असायची: 'गेट' आणि पत्ता.

आता उत्तर द्यायचं. मी '२०० ओके' लिहिलं, मजकुराचा प्रकार लिहिला, खाली 'नमस्कार' लिहिलं. ब्राउझरमध्ये कोरं पान. अर्धा तास गेला. हेडर संपले हे ब्राउझरला कळावं म्हणून मध्ये एक पूर्ण रिकामी ओळ सोडावी लागते. ती नव्हती, म्हणून माझा नमस्कार त्यानं आणखी एक हेडर समजून टाकून दिला होता. ओळ सोडली आणि 'नमस्कार' आलं.

"आता मजकूर किती लांब आहे तेही सांग त्याला," मॅडम म्हणाल्या.

मी पायथॉनला 'नमस्कार'ची लांबी विचारली. न, म, स, हलन्त, क, काना, र. पायथॉननं सांगितलं ७. मी हेडरमध्ये ७ लिहिले. ब्राउझरमध्ये आलं 'नम', आणि त्यापुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह.

मॅडम काही बोलल्या नाहीत. चहा घेऊन येते म्हणून उठून गेल्या.

मी विचार करत बसलो. सात सांगितले, आले दोन आणि एक तुटका. मग पाठवायच्या आधी मजकुराचं यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करून त्याची लांबी विचारली. २१. सात त्रिक एकवीस. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की हलन्त, तीन बाइट घेतं. ब्राउझरनं माझं ऐकून नेमके सात बाइट वाचले होते. सहा बाइटांत 'न' आणि 'म' झाले, आणि सातवा म्हणजे 'स'चा पहिला तुकडा. एकटा काय अर्थ देणार? म्हणून प्रश्नचिन्ह. मी २१ लिहिले. मॅडम चहा घेऊन आल्या तेव्हा पडद्यावर 'नमस्कार' पूर्ण होता आणि मी खुर्चीतून उठून उभा होतो.

आमच्या बिलांत मराठी नावं कधीकधी अर्धी छापली जायची. दुसरं कुणीतरी लिहिलेलं प्रिंटरचं कोड अक्षरं मोजत होतं, बाइट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मीच दुरुस्त केलं. मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात तोच सर्व्हर वाढवला. '/बिल' मागितलं तर एक फंक्शन, '/यादी' मागितलं तर दुसरं. आधी 'इफ'च्या शिडीवर शिडी चढवली. मग पत्ता आणि फंक्शन यांची जोडी डिक्शनरीत ठेवली. मग प्रत्येक फंक्शन हातानं डिक्शनरीत भरायचा कंटाळा आला, तेव्हा मॅडमनी डेकोरेटर शिकवला: फंक्शन घेणारं आणि फंक्शन परत देणारं फंक्शन. 'लॉगिन रिक्वायर्ड' ही ॲटच्या चिन्हाची ओळ मी कित्येक महिने व्ह्यूच्या डोक्यावर लावत होतो, ती लावायची असते म्हणून. आता मी स्वतःची एक लिहिली. आठ ओळींत झाली.

पाचव्या आठवड्यात कामातलाच एक प्रश्न आला. येणी बाकी असलेल्या दुकानदारांचं पान उघडायला नऊ सेकंद लागत होते. पानावर दोनशे दुकानदार, प्रत्येकापुढं तालुक्याचं नाव. लॉग पाहिला तर डेटाबेसला दोनशे एक प्रश्न गेले होते: एक सगळ्या दुकानदारांसाठी, आणि मग प्रत्येकाच्या तालुक्यासाठी एकेक. टेम्प्लेटमध्ये मी 'दुकानदार डॉट तालुका' एवढंच लिहिलं होतं. त्या टिंबामागं कोड चालू शकतं, पायथॉन ती मुभा देतं आणि जँगो ती वापरतं, हे तोवर कळायला लागलं होतं, म्हणून शोध दहा मिनिटांत संपला. 'सिलेक्ट रिलेटेड' लावलं, म्हणजे तालुकेही पहिल्याच प्रश्नात मागवले, आणि पान लगेच उघडायला लागलं.

त्याच सुमारास मी जँगोचा इतिहास वाचला आणि एक गोष्ट मनात पक्की झाली. जँगो एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावचं 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड'. तिथं एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे वृत्तपत्राच्या वेबसाइट करायचे. २००३ मध्ये ते पीएचपी सोडून पायथॉनकडे वळले. बातमीची वेळ टळून चालत नाही, आज सांगितलेलं पान आजच हवं. तीच ती कामं पुन्हा पुन्हा करताना त्यांनी त्यातलं सारखं असलेलं वेगळं काढत नेलं, आणि जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव दिलं गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचं.

म्हणजे फ्रेमवर्क हे कुणाच्या तरी कंटाळ्याचं फळ असतं. ज्यांनी तेच काम शंभरदा हातानं केलं, ज्यांना त्यातलं काय सारखं आणि काय वेगळं हे ओळखता यायला लागलं, त्यांनी ते बांधलं. मला तो कंटाळा आलेलाच नव्हता. मी त्यांचं फळ खाल्लं, पण कशाचं आहे हे माहीत नव्हतं. चौथ्या आठवड्यात डिक्शनरी हातानं भरताना मला पहिल्यांदा तो कंटाळा आला, अगदी थोडासा. त्यानंतर जँगोचं डॉक्युमेंटेशन मी उघडलं तेव्हा ते मला वेगळंच वाचता आलं. 'असं करा' या प्रत्येक वाक्यामागं 'कारण आम्ही आधी असं करून पाहिलं होतं' हे न लिहिलेलं वाक्य दिसायला लागलं.

याचा उलटा अतिरेकही मी जवळून पाहिला आहे. माझा एक रूम पार्टनर दीड वर्ष 'बेसिक पक्कं' करत होता. मेटाक्लास, बाइटकोड, मेमरीतला कचरा गोळा करण्याच्या पद्धती, सगळं. त्यानं एकही पूर्ण वस्तू बांधली नाही, आणि मुलाखतीत "तुम्ही काय केलंय?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो माझ्यापेक्षा हुशार होता आणि मला ते आजही खुपतं. कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं की इतकं पुरे, आता बांध. माझ्या मते पाया म्हणजे अख्खी भाषा नव्हे. नाव आणि वस्तू, फंक्शन ही सुद्धा देता-घेता येणारी गोष्ट आहे हे, क्लास आणि त्याचे नग, एरर वाचणं, मजकूर आणि बाइट, आणि ब्राउझर-सर्व्हरचं ते साधं बोलणं. रोज तास दिला तर दोन महिने. बाकीचं काम करता करता येतं.

आणि हेही खरं, की नोकरीच्या जाहिरातीत फ्रेमवर्कचं नाव असतं, भाषेच्या पायाचं नसतं. ज्याच्या घरचं कर्ज फेडायचं आहे त्याला 'आधी दोन महिने थांब' म्हणणं सोपं नाही. मी तसं म्हणतही नाही. दोन्ही शेजारी-शेजारी चालू दे म्हणतो: दिवसा जँगो किंवा रिॲक्ट, संध्याकाळी तीन बाणांचा प्रॉम्प्ट. क्लासवाल्यांना मात्र माझी हात जोडून विनंती आहे, की त्या चार दिवसांचे किमान पंधरा दिवस करा. पोरांच्या आईबापांनी बेदाणा विकलेला असतो.

आता कोड लिहून देणारी साधनं आली आहेत. सांगितलं की क्षणात शंभर ओळी समोर. मी रोज वापरतो. पण त्या शंभर ओळींत कुठेतरी बरोबरच्या चिन्हापुढं रिकामा चौकोनी कंस येऊन बसला, तर तो दिसायला डोळा लागतो, आणि तो डोळा मला एका सकाळी, कांदा-बटाट्याच्या यादीवर मिळाला.

लॉकडाउनमध्ये मी गावी आलो आणि मग घरूनच काम सुरू राहिलं. दोन वर्षांपासून दर शनिवारी आमच्या इथल्या अभ्यासिकेत मी नऊ पोरांना शिकवतो. पाच लॅपटॉप आहेत, त्यातला एक माझा. या तुकडीच्या पहिल्याच शनिवारी एका मुलीनं विचारलं होतं, "सर, रिॲक्ट कधी घेणार?" मी म्हटलं, घेऊ, नक्की घेऊ, आधी एक सर्व्हर करूया. तिचा चेहरा पडला. तिच्या मावसबहिणीला पुण्यात रिॲक्टवर नोकरी लागली होती, आणि घाई करायचं तिला कारण होतं. तिची समजूत मी शब्दांनी काढू शकलो नाही.

गेल्या शनिवारी आम्ही सॉकेटपर्यंत पोचलो. ब्राउझरचं बोलणं काळ्या खिडकीत उमटलं तेव्हा सगळे एका लॅपटॉपभोवती गोळा झाले. मग प्रत्येकानं आपापलं उत्तर लिहायला घेतलं. त्या मुलीनं मजकुरात गावाचं नाव टाकलं, 'तासगाव', आणि लांबी विचारून ६ लिहिले.

"सर, नुसतं 'ता' येतंय."

मी जवळ गेलो. प्रश्नचिन्ह वगैरे काही नव्हतं. सहा बाइटांत 'त' आणि काना नेमके बसले होते, म्हणून तुटलेलं काही दिसत नव्हतं. मला उत्तर तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

ती बराच वेळ नुसती बघत होती. मग वही ओढली. त, काना, स, ग, काना, व असं एकाखाली एक लिहिलं. 'ता'भोवती गोल केला. शेजारच्या मुलाला म्हणाली, "सहातले दोनच आले. म्हणजे एकाला तीन पडतायत." आकडा बदलून १८ केला आणि एंटर दाबलं.

'तासगाव' पूर्ण आलं. ती हसली नाही, वर बघितलंही नाही. पुन्हा वहीवर वाकली.

"सर, इंग्रजी अक्षराला पण तीनच लागतात का?"

"करून बघ," मी म्हटलं.

ती आधीच टाइप करायला लागली होती.